नाशिकच्या थंडीसाठी हलक्या लोकरीचा पहिला कुर्ता : कापड ओळखण्यापासून कसर टाळण्यापर्यंत

सकाळी पावणेसातला सिडकोहून सातपूरकडे दुचाकीवर निघालं की हँडलवर बोटं आखडतात, आणि त्याच दिवशी दुपारी मेन रोडवर स्वेटर काखेत धरून फिरावं लागतं. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, अशा बातम्या आपण वाचतो. पण नाशिक शहरात जानेवारीतही दुपारी २८ अंशांच्या आसपास ऊन असतं. जाड स्वेटर या हवेत एक तर घातलेला असतो नाही तर काढलेला. दिवसभर अंगावर राहील असं काही हवं असेल तर ते पातळ लोकरीचं कापड. ते मी तीन हिवाळे वापरते आहे. पहिल्या हिवाळ्यात कापड चुकीचं आलं, दुसऱ्या वेळी कापड बरोबर आलं पण मी ते शिवताना बिघडवलं. तुमचा तो खर्च आणि तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

दिवाळीच्या आसपास सुरुवात केलीत तर मार्गशीर्षात कुर्ता अंगावर येईल. घाई केली की नेमकी पाचवी पायरी गाळली जाते, आणि तिथेच सगळं फसतं.

१. आधी नावाचा गोंधळ सोडवा

आपण ज्या कापडाबद्दल बोलतो आहोत त्याला इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात त्याचा उच्चार ‘शॅली’ असा आहे. आपल्याकडे मात्र सगळे लिहिल्याप्रमाणे वाचून ‘चॅलिस’ म्हणतात. १८३२च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात हे पहिल्यांदा विणलं गेलं, तेव्हा त्यात रेशीम आणि लोकर दोन्ही असे. पुढे निव्वळ लोकरीचंही होऊ लागलं. साधी वीण, बारीक आणि गुळगुळीत सूत, हातात घेतलं तर मऊ आणि अंगावर सोडलं तर खाली झुळझुळत पडणारं. त्यावर बहुतेक वेळा लहान फुलं किंवा कोयऱ्या छापलेल्या असतात. ही कोयरी काश्मिरी शालींवरून तिकडे गेली. स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात त्या शालींची नक्कल विणत असत, म्हणून तिकडे आपल्या कोयरीला त्या गावाचंच नाव पडलं.

पहिला सापळा इथेच आहे. आज बाजारात नुसतं ‘चॅलिस’ म्हणून मागितलंत तर हातात रेयॉन येईल. उन्हाळी कुर्त्या ज्याच्या शिवतात, तेच. ते वाईट कापड नाही, पण त्यात ऊब नाही. माझं पहिलं कापड असंच आलं. ऑनलाइन दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘चॅलिस’ आणि खाली ‘हिवाळी संग्रह’ असं होतं. लोकर हा शब्द कुठेही नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून शब्द पक्का धरा : ‘वूल चॅलिस’, ‘शंभर टक्के लोकर’. बिलावर तसं लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायला कोणी कुरकुर केली तर कापड तिथेच ठेवा.

२. नाशिकमध्ये काय मिळेल, काय नाही

मीटरवर मिळणारं छापील लोकरी शॅली मला इथल्या दुकानांत सहज मिळालं नाही. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार हा पट्टा मी दोन शनिवार पायी फिरले. तेवढ्यात कळलेल्या गोष्टी सांगते.

शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर, जॅकेट, शाली असे तयार कपडे असतात. तिथे मीटरवरच्या कापडासाठी चक्कर टाकू नका. सुटाचं कापड विकणाऱ्या जुन्या दुकानांत मात्र आवर्जून जा. त्यांच्याकडे उन्हाळी सुटासाठीचं पातळ लोकरी कापड असतं. ते शॅलीइतकं झुळझुळीत नसतं, पण सरळ कापाच्या कुर्त्याला छान शोभतं. त्या कापडाच्या काठावर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे विणलेले दिसतात. हे आकडे लोकरीच्या बारीकपणाचे आहेत : सुपर १००ची लोकर सरासरी १८.७५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, सुपर १२०ची १७.७५ किंवा त्याहून बारीक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज घ्या. ‘टेरीवूल’ लिहिलं असेल तर त्यात पॉलिएस्टर आहे.

तिसरा रस्ता मला सगळ्यात सोपा वाटतो. हिवाळ्यात गंगापूर रोडच्या डोंगरे वसतिगृह मैदानासारख्या ठिकाणी हातमागाची प्रदर्शनं लागतात. तिथे हिमाचलकडचे विणकर आले असतील तर मेरिनो लोकरीच्या मोठ्या साध्या शालींबद्दल विचारा. लांब-रुंद शालीतून बिनबाह्यांचा कुर्ता किंवा जाकीट आरामात निघतं. उरलेला मार्ग ऑनलाइन. तिथून आधी वीतभर नमुना मागवायचा, पूर्ण कापड नंतर.

३. लोकर खरी आहे का, हे घरी तपासा

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका : अंगठीतून शाल ओढून दाखवणं. पातळ व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनसुद्धा, अंगठीतून सरकन जातं. त्यातून कापड पातळ आहे एवढंच कळतं, ते लोकरीचं आहे हे नाही.

खरी परीक्षा जाळून होते. नमुन्यातून उभा धागा वेगळा काढा आणि आडवा वेगळा. दोन्ही वेगवेगळे जाळायचे, कारण काही कापडांत ताणा एका धाग्याचा आणि बाणा दुसऱ्याचा असतो आणि एकच धागा तपासला तर फसगत होते. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचा वाडगा ठेवून हे करा. ओढणी, पदर दूर ठेवा.

लोकर ज्योतीपासून आक्रसून मागे सरते, सावकाश जळते आणि ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते. केस जळाल्याचा वास येतो. राहिलेला काळा गोळा बोटांनी चुरला जातो. रेशीमही जवळपास असंच वागतं, पण रेशीम आणि लोकर हाताला इतकी वेगळी लागतात की तिथे गल्लत होत नाही. रेयॉन कागदासारखं भुर्रकन पेटतं आणि मऊ राखाडी राख उरते. अॅक्रिलिक वितळत जळतं, काळा धूर सोडतं, मागे कडक मणी राहतो. पॉलिएस्टरचाही मणीच होतो. सवय होण्यासाठी घरातल्या सत्काराच्या शालीचा एक धागा आधी जाळून पाहा. शाल-श्रीफळातल्या शाली बहुतेक कृत्रिम धाग्याच्या असतात. तो कडक मणी एकदा बोटांना लागला की पुन्हा विसरत नाही.

केसाचा वास आला पण मणीही राहिला, तर ते मिश्रण आहे. किती मिसळलंय ते पाहायला दुसरी परीक्षा : काचेच्या वाटीत दोन चमचे कपड्यांचं क्लोरीन ब्लीच घ्या, त्यात बोटाच्या पेराएवढा तुकडा बुडवा आणि खिडकी उघडी ठेवून काही तास तसाच राहू द्या. लोकर त्यात पूर्ण विरघळते. अॅक्रिलिक, पॉलिएस्टर, रेयॉन तसेच उरतात. वाटीत जाळीसारखं काही शिल्लक राहिलं तर तेवढी भेसळ समजा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रव्य, विशेषतः संडास धुण्याचं आम्ल, चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि याच परीक्षेतून पुढचाही धडा घ्या : लोकरीच्या कपड्यावरचा डाग काढायला ब्लीच कधीच वापरायचं नाही.

वूलमार्कचं चिन्ह दिसलं तर चांगलंच. लोकरीच्या गुंडीसारखं दिसणारं हे चिन्ह १९६४ सालापासून आहे. साधं वूलमार्क म्हणजे निव्वळ नवी लोकर. त्याखाली ‘ब्लेंड’ असेल तर लोकर निम्मी किंवा जास्त, पण पूर्ण नाही.

४. ‘लोकर टोचते’ याचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, म्हणून मध्येच त्याचं उत्तर देते. आपल्या मनातली लोकर म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीवर वाकत नाहीत, ती रुततात, म्हणून खाजतं. घोंगडी पाऊस-वारा अंगावर घेण्यासाठी आहे आणि त्या कामाला तिच्या तोडीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. शॅलीची लोकर मेरिनो मेंढीची, २० मायक्रॉनच्या आसपासची. तिची टोकं कातडीला लागताच वाकतात. ज्यांच्या घरी आजी धाबळी नेसून सोवळ्यात स्वयंपाक करायची त्यांना लोकर अंगाला लावून दिवस काढता येतो हे सांगायला नको.

उकाड्याचंही तसंच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. त्यामुळे सकाळी दुचाकीवर ऊब आणि दुपारी ऑफिसात घामाची चिकचिक नाही, हे एकाच कुर्त्यात जमतं. वाऱ्याला मात्र हे कापड अडवत नाही. गाडीवर वरून विंडचीटर हवाच.

५. कापण्याआधी कापड आटवून घ्या

माझं दुसरं कापड अस्सल होतं. दोन मीटर, गडद जांभळं, बारीक पांढरी फुलं. मी ते आणलं त्याच संध्याकाळी कापलं. कुर्ता सुरेख बसला. दोन धुण्यांनंतर बाह्या मनगटाच्या तीन बोटं वर गेल्या आणि मुंढ्यात हात अडकायला लागला. अजून तो कपाटात आहे. टाकवत नाही.

लोकर दोन तऱ्हांनी आटते. मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत कापड ताणलेलं असतं. ओलावा आणि वाफ मिळाली की ते आपल्या मूळ मापाला परत येतं. हे आटणं एकदाचं होऊन जातं, म्हणून ते कापण्याआधी उरकायचं. दुसरं आटणं जास्त वाईट. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घोळणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड जाड, आखूड, घट्ट होतं. बुरणूस असाच करतात : विणत नाहीत, लोकर ओली करून, रगडून, जमवून. गरम पाण्यावर चालवलेलं वॉशिंग मशीन तुमच्या कुर्त्याचं तेच करतं. आणि ते उलटवता येत नाही.

आटवायची माझी पद्धत अशी :

कापडाच्या मधोमध रंगीत दोऱ्याने, कच्च्या टाक्यांनी, बरोबर ५० सेंटिमीटरचा चौकोन घाला. मग पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मलमलचं फडकं कापडावर पसरा आणि इस्त्री लोकरीच्या खुणेवर ठेवून दाबत जा. इस्त्री सरकवायची नाही. उचलायची, ठेवायची, वाफ जाऊ द्यायची, पुढे जायचं. पूर्ण कापड असं झालं की सतरंजीवर सपाट पसरून रात्रभर हलवू नका. सकाळी चौकोन मोजा. ५०चे ४८ झाले असतील तर कापड चार टक्के आटलं.

कुर्ता पुढे घरी धुणार असाल तर नुसती वाफ पुरत नाही. कापडाच्या कापलेल्या कडा आधी ओव्हरलॉक करून घ्या आणि दहाव्या पायरीत दिलंय तसं गार पाण्यातून एकदा काढा. त्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपऱ्यात घासून रंग जातो का ते बघा. अस्तराचं सुती कापडही भिजवून वाळवून घ्या. वरचं आटवलं आणि अस्तर राहिलं तर शिवण आतून ओढली जाते.

६. किती कापड घ्यायचं

लोकरी कापडाचा पन्हा बहुधा ५४ ते ६० इंच असतो, सुती कापडासारखा ४४चा नाही. त्यामुळे नेहमीचे अडीच मीटर मागू नका, अर्धा मीटर वाया जातो. ५६ इंच पन्ह्यात मध्यम मापाचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसतात. ४० इंच उंचीचा कुर्ता धरा, दोन इंच दुमड आणि माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड), खाली शेजारी शेजारी दोन पूर्ण बाह्या २४ इंच. एकूण ६६ इंच, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आत. आटण्यासाठी थोडं जास्त धरून दोन मीटर पुरे. घेरदार किंवा कळीचा हवा असेल तर हा हिशेब लागू नाही, शिंप्याला विचारूनच घ्या. फुलं एकाच दिशेला तोंड करून असतील तरी थोडं जास्त लागेल.

७. जवळ ठेवायचं साहित्य

- धार लावलेली कात्री, फक्त कापडासाठीची
- मशीनची ११ नंबरची नवी सुई (घरच्या मशीनला बहुधा १४ किंवा १६ची असते, तिने बारीक भोकं दिसतात)
- बारीक पॉलिएस्टर किंवा रेशमी दोरा
- बारीक टाचण्या, शिंप्याचा साधा खडू (मेणाचा नको, इस्त्रीखाली त्याचा डाग बसू शकतो)
- मलमलचं फडकं
- अस्तराला मलमल किंवा पातळ सुती कापड

८. शिवताना, किंवा शिंप्याला देताना

स्वतः शिवत असाल तर कापड टेबलावर पूर्ण टेकलेलं असू द्या. अर्धं खाली लोंबलं की वजनाने ताणतं आणि माप चुकतं. गळा आणि मुंढा कापल्या कापल्या कडेने एक टीप मारून ठेवा. तिथला कापडाचा काप उरेब, म्हणजे तिरका, असतो आणि हाताळता हाताळता गळा पसरतो. टाका सव्वादोन ते अडीच मिलिमीटरचा. बाजूच्या शिवणींना फ्रेंच शिवण घाला : आधी उलट्या बाजू आमोरासमोर ठेवून बारीक टीप, मग पलटून आतून दुसरी. कड आत बंद होते, धागे सुटत नाहीत. खालची दुमड मशीनने न घालता हाताने घाला, टाके दिसत नाहीत आणि कापडाचं झुळझुळणं टिकतं.

शिंप्याकडे देणार असाल तर हे चार शब्द तोंडाने सांगा आणि वहीतही लिहून द्या : ‘आटवलेलं आहे, ११ची सुई, माया एक इंच, इस्त्री फडकं ठेवूनच.’ शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. उघडी गरम इस्त्री लोकरीवर सरकवली की चकाकी येते. माझ्या शिंपीकाकांनी चाळीस वर्षं सूट शिवले आहेत, त्यांना यातलं काही सांगावं लागलं नाही. म्हणून माझा सल्ला असा की फक्त ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्यापेक्षा सुटाचं काम येणारा शिंपी शोधा, मग तो कुर्ता कधी शिवत नसला तरी चालेल.

९. काय शिवावं, काय नको

कुर्ता, स्टोल, घेराचा स्कर्ट, सैल शर्ट, बाळाचं झबलं, गाऊन. तिकडे याचे गळ्यातले टायही होतात. तंग विजार नको, गुडघ्याशी आणि बसण्याच्या जागी शिवण सरकते. खिशात मोबाइल ठेवायची सवय असेल तर खिसा अस्तराला जोडून घ्या, नाही तर एक बाजू खाली ओघळते. खांद्यावर रोज पट्ट्याची बॅग असेल तर तिथे आधी झिजेल हे धरून चाला.

१०. धुणं

रोज धुवायची गरज नसते. संध्याकाळी हँगरवर वाऱ्याला टांगा, वास निघून जातो. मी सात-आठ वेळा घालून एकदा धुते.

गार पाणी, त्यात रिठ्याचं पाणी किंवा इझीसारखं लोकरीसाठीचं द्रव. धुण्याचा सोडा किंवा साधी पावडर नको, लोकरीला क्षार सोसत नाही. दहा मिनिटं बुडवून हलकेच दाबा. चोळू नका, आपटू नका. शेवटच्या पाण्याचं तापमानही तेवढंच गार ठेवा. पिळायचं नाही : टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा, दाबा. मग सावलीत सपाट वाळवा. दोरीवर ओला टांगलात तर स्वतःच्या पाण्याच्या वजनाने लांबेल.

११. उन्हाळा-पावसाळ्यात ठेवणं

होळीनंतर कुर्ता आत जातो आणि दसऱ्यापर्यंत तिथे राहतो. या सात महिन्यांत त्याला धोका कसरीचा. कापड खातात त्या कसरीच्या अळ्या, उडणारा पतंग नाही. घामाचे, तेलातुपाचे डाग असलेली लोकर त्यांना जास्त आवडते, म्हणून ‘एकदाच तर घातलाय’ म्हणून न धुता कधीच ठेवू नका. पूर्ण वाळवा, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा, महिन्या-दोन महिन्यांनी उघडून झटका. कसरीला हालचाल आणि उजेड सोसत नाही. कडुनिंबाचा पाला मीही ठेवते, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. डांबर गोळ्या मी बंद केल्या. तो वास निघत नाही आणि लहान मुलांच्या घरात त्या नकोतच.

बारीक भोक दिसलंच तर आधी कुर्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे अंडी-अळ्या मरतात. मग रफूवाल्याकडे न्या. रफूसाठी त्याच कापडाचा धागा लागतो, आणि तो शिवणीतल्या त्या एक इंच मायेतून निघतो. शिंप्याकडून कात्रणंही मागून आणा आणि कुर्त्याबरोबरच त्या साडीत गुंडाळून ठेवा.